परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांकडून कॉलेजच्या इमारतीसाठी निधी: आधी पासपोर्ट, मग पावती

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा संपला, पंगती उठल्या, आणि बत्तीस वर्षांनी कॉलेजात आलेल्या एका डॉक्टरांनी खिशातून चेकबुक काढून तिथल्या तिथे पाच लाखांचा चेक लिहिला. इमारत निधीची पहिली देणगी. प्राचार्यांनी शाल पांघरली, फोटो निघाले, क्लार्कने पावतीपुस्तक उघडलं. चेक रुपयांतला, खातं पुण्याच्या बँकेतलं, डॉक्टर आमच्याच पेठेतले, वडिलांचं किराणा दुकान अजून चालू. यात परकीय काय असणार? त्या दिवशी रविवार होता म्हणून चेक कपाटात राहिला. सोमवारी सीएंनी फोनवर एकच विचारलं: "त्यांचा पासपोर्ट कुठला?"

डॉक्टरांनी वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड होतं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते, आणि आपण अजून अर्धे भारतीय आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. कायद्याला तसं वाटत नाही. तो चेक मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन परत दिला. शालीसकट काढलेला फोटो तोवर सगळ्या ग्रुपवर गेला होता.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात शिकवलं, आणि निवृत्तीच्या तोंडावर इमारत समितीचं काम गळ्यात पडलं. अनुदानित म्हणजे सरकार पगार देतं, भिंती देत नाही. त्या भिंतींसाठी परदेशातल्या आपल्या माणसांकडे हात पसरताना काय करावं आणि कुठल्या क्रमाने, ते इथे लिहितो. क्रम चुकला की काय होतं ते वर आलंच आहे.

हा मार्ग नवा नाही. महर्षी कर्वे १९३०च्या डिसेंबरात, वयाच्या ७२व्या वर्षी, महिला विद्यापीठासाठी आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असे पंधरा महिने ते हिंडले आणि तिथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांपुढे त्यांनी आपल्या कामाची माहिती मांडली. तेव्हा बोट गाठावी लागे. आज व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण मधे कायदा आहे.

संस्थेचे कागद आधी सरळ करा

परदेशातला देणगीदार, बँक, गृह मंत्रालय, सगळे पहिल्यांदा एकच पाहतात: संस्थेचे आजचे विश्वस्त कोण? आणि आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या शेड्यूल एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दोन निवडणुकांपूर्वीची नावं असतात, त्यातली तीन कैलासवासी. फेरफार अर्ज दाखल असतो पण प्रलंबित, कारण हरलेल्या गटाने हरकत घेतलेली. हा तिढा सुटेपर्यंत परदेशी पैशाचं नाव काढू नका. वकिलाला भेटून तारखा लावून घ्या, शक्य असेल तर हरकतदाराच्या घरी चहाला जा. आमचं प्रकरण चहावर मिटलं. कोर्टात ते अजून चाललं असतं.

त्यानंतर हे जमवा: तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, आयकराची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची मान्यता, आणि जमिनीचे कागद. सातबारा संस्थेच्या नावावर आहे का? की कुणा दानशूराने १९६८ साली तोंडी दिलेली जागा आहे आणि त्याच्या नातवाला आता तिचा भाव कळला आहे? जमीन बिनशेती आहे का, आराखडा मंजूर आहे का, हेही बघा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक बदलले आहेत. लोक ८०जीच म्हणत राहतील, पण पावतीवर काय छापायचं ते सीएंना विचारून छापा.

पैसे येतीलच या भरवशावर बँकेचं कर्ज काढून काम सुरू करायचा मोह होतो. सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, एवढं त्या उत्साही संचालकाला वेळीच सांगून ठेवा.

नागरिकत्वाची चाळणी

परकीय योगदान नियमन कायदा, २०१०, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो पैसा कुठून आला यापेक्षा कोणाचा आहे हे बघतो. माणूस कुठे राहतो, चलन कुठलं, खातं कुठल्या देशातलं, हे दुय्यम. म्हणून देणगीदारांच्या यादीत पहिला रकाना रकमेचा नको, पासपोर्टचा हवा.

भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत असो की डॅलसमध्ये, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. तो संस्थेच्या नेहमीच्या खात्यात घेता येतो. मात्र पासपोर्टची प्रत आणि "हा पैसा माझ्या बचतीतला आहे" असं दोन ओळींचं पत्र फाइलला लावा. शक्यतो त्याने आपल्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यातून द्यावा. परदेशातून थेट रक्कम आली की, संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी नाही हे पाहून बँकेचा अधिकारी घाबरतो आणि रक्कम अडकते.

परदेशी नागरिकाचा पैसा मात्र परकीयच, तो रुपयांत दिला तरी, गावच्या बँकेतून दिला तरी, हातात रोख ठेवला तरी. ओसीआय कार्डाने यात काही फरक पडत नाही. गोव्यातल्या संस्थांनी इथे दुप्पट सावध राहावं. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि ब्रिटनची वाट धरली, अशी घरं गावोगाव आहेत. माणूस चतुर्थीला घरी असतो, कोकणी-मराठी बोलतो, पण कायद्याच्या लेखी पोर्तुगीज असतो.

आता खाचाखोचा. अमेरिकेतल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने ५०,००० दिले, ते परकीय नाहीत. त्याच्या कंपनीने त्यात आपले ५०,००० घातले, ते परकीय. परदेशात नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळाने वर्गणी काढून पाठवली, तर सभासद सगळे भारतीय असले तरी मंडळ परकीय. आणि नेहमीचा जुगाड: बॅचमधल्या एकाच्या खात्यावर सगळ्यांनी जमा करायचं आणि त्याने एकरकमी पाठवायचं. हे अजिबात नको. त्याची ती स्वतःची बचत राहत नाही, आणि उद्या विचारणा झाली तर तो आणि तुम्ही दोघेही अडकता.

याच कारणाने ग्रुपवर क्यूआर कोड टाकू नका. एनआरई-एनआरओ खात्यांनाही आता परदेशी नंबरवरून यूपीआय चालतं. रात्री झोपताना कोड टाकलात तर सकाळी खात्यात सतरा जणांचे पैसे असतील, आणि त्यातले परदेशी नागरिक किती हे देवाला माहीत. आधी फॉर्म, मग पासपोर्टची प्रत, मग खाते क्रमांक. प्रती कुलपात ठेवा, ऑफिसच्या टेबलावर नकोत.

एफसीआरए: नोंदणी की पूर्वपरवानगी

यादी चाळून बघा. बहुतेक देणगीदार भारतीय पासपोर्टवाले असतील, म्हणजे आखातातले किंवा नुकतेच बाहेर गेलेले, तर एफसीआरएशिवायही काम भागेल. पण सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात अमेरिका-इंग्लंडला गेलेले डॉक्टर-इंजिनियर, ज्यांच्याकडून मोठी रक्कम यायची आशा असते, ते जवळपास सगळे तिकडचे नागरिक झालेले असतात.

त्यांचा पैसा घ्यायचा तर गृह मंत्रालयाकडे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. जुन्या शिक्षणसंस्थेला हे अवघड नाही. अर्ज ऑनलाइन असतो, पदाधिकाऱ्यांचे आधार लागतात. नोंदणी ५ वर्षांची. दुसरा रस्ता पूर्वपरवानगीचा: अमुक देणगीदाराकडून, अमुक रक्कम, अमुक कामासाठी. त्याला देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल लागतो. रक्कम १ कोटीच्या वर असेल तर सरकार हप्त्यांनी घ्यायला सांगू शकतं, आणि आधीच्या हप्त्यातला ७५ टक्के खर्च दाखवल्याशिवाय पुढचा मिळत नाही. ठेकेदाराचे हप्ते ठरवताना हे ध्यानात धरा, नाहीतर स्लॅब पडायच्या दिवशी तुमचा पैसा वाटेतच असेल. देणगी देणाऱ्या परदेशी संस्थेच्या आणि तुमच्या कार्यकारिणीत तीच माणसं असली तर पूर्वपरवानगी अडते, म्हणून उत्साही माजी विद्यार्थ्याला दोन्हीकडे पद देऊ नका. संस्थेचे अध्यक्ष आमदार किंवा पक्षाचे पदाधिकारी असतील, आणि आपल्याकडे ते असतातच, तर अर्जाआधी या कायद्यातल्या जाणकाराला गाठा. गावातल्या नेहमीच्या वकिलावर हे सोपवू नका.

२०२० साली कायदा बराच कडक झाला. त्यातल्या तीन गोष्टी कॉलेजला लागतात. एक, परदेशातून येणारा पैसा पहिल्यांदा दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे. खातं गावच्या शाखेतून कागद पाठवून उघडता येतं, दिल्लीला जावं लागत नाही. तिथून पुढे तुमच्या बँकेतल्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात वळवता येतो, पण स्थानिक देणग्या त्यात मिसळायच्या नाहीत. एक रुपयाही नाही. त्यावरचं व्याजसुद्धा परकीय योगदानच धरलं जातं. दोन, प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा. तीन, एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी. म्हणजे "मुंबईतल्या ओळखीच्या ट्रस्टकडे एफसीआरए आहे, त्यांच्यातर्फे घेऊ" हा जुना सल्ला आता थेट गुन्ह्याकडे नेतो. तो सल्ला देणारे अजून भेटतात.

परवानगीला किती वेळ लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. वर्ष धरून चाला आणि त्या वर्षात बाकीची तयारी करा.

अमेरिका, ब्रिटन, आखात: प्रत्येक देशाची रीत वेगळी

अमेरिकेतल्या माणसाने थेट भारतीय संस्थेला दिलेल्या देणगीवर त्याला तिकडे करसवलत मिळत नाही. ती हवी तर पैसा तिथल्या ५०१-सी-३ दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला द्यावा लागतो, आणि ती संस्था स्वतःच्या निर्णयाने तुमच्या एफसीआरए खात्यात पाठवते. देणगीदार शिफारस करू शकतो, हुकूम सोडू शकत नाही. या कामाला मुरलेल्या संस्था आहेत. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८पासून अमेरिकेतून महाराष्ट्रातल्या कामांना मदत पोचवत आलं आहे. अशा संस्थेकडे जाण्याआधी ती कुठल्या प्रकारचं काम घेते, इमारतींसाठी देते का, स्वतःसाठी किती टक्के ठेवते, हे लेखी विचारा. फक्त तुमच्या कॉलेजसाठी नवी अमेरिकन संस्था काढायची कल्पना कुणीतरी मांडेलच. दरवर्षीचं विवरणपत्र भरायला पाच वर्षांनीही कोण असेल, एवढं त्याला विचारा. बहुतेकदा तिथेच विषय संपतो.

अमेरिकन देणगीदारासाठी ३१ डिसेंबर ही तारीख महत्त्वाची, आपल्यासारखा मार्च नाही. त्यामुळे विनंती ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोचली पाहिजे, दिवाळीच्या शुभेच्छांसोबत गेली तर उत्तमच. तिथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, पण अर्ज कर्मचाऱ्याने कंपनीच्या पोर्टलवर करायचा असतो, आणि तो विसरतो. आठवण करणं हे तुमचं काम. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव वाढलेले शेअर तिथल्या संस्थेला दिले तर त्या वाढीवरचा करही वाचतो. संगणक कंपन्यांतल्या लोकांना हे सोयीचं पडतं. साडेसत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्ती खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला देता येतं. आपल्या पहिल्या पिढीचे डॉक्टर आता त्याच वयात आहेत.

ब्रिटनमध्ये करदात्याने तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला की सरकार गिफ्ट एड म्हणून त्यात २५ पेन्स घालतं.

आखाताबद्दल मात्र हात जोडून सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं, आवाहन करणंसुद्धा, गुन्हा आहे. सौदी, कुवेतमध्येही कडक बंधनं आहेत. दुबईतल्या माजी विद्यार्थ्याला "तिकडच्या आपल्या लोकांकडून जरा जमव" असा मेसेज पाठवणं म्हणजे त्याची नोकरी आणि व्हिसा पणाला लावणं. त्याला जाहीर काही करायला सांगू नका. तो सुट्टीवर गावी येतो तेव्हा घरी जाऊन बोला, आणि त्याने आपल्या एनआरई खात्यातून आपल्यापुरतं द्यावं.

किती लागणार, आणि किती जणांकडून

"कॉलेजला भव्य इमारत" या शब्दांवर कुणी पैसे देत नाही. आकडा हवा, आणि तो आर्किटेक्टच्या सहीचा. उदाहरणादाखल: ८,००० चौरस फूट, दर २,००० रुपये धरला तर १ कोटी ६० लाख. दर तुमच्या तालुक्यातला घ्या, आणि काळी माती असेल तर पायाचा खर्च वेगळा काढून घ्या. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८ लाख ८० हजार. हा जीएसटी समितीच्या कागदावर हमखास विसरलेला असतो. अनपेक्षित खर्चाला १६ लाख, आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइनचे ६ लाख, वीज, बाकं, फळे, संडासांची भांडी यांना २५ लाख. झाले २ कोटी ३६ लाख. वर्षभरात लोखंड-सिमेंट चढणार, तेव्हा अडीच कोटी म्हणा.

त्यातले ६० लाख संस्थेने आणि गावाने घालायचे. आधी गाव, मग परदेश, हा क्रम मी सोडणार नाही. रयत शिक्षण संस्थेचं काम मूठमूठ धान्यावर उभं राहिलं हे आपण व्यासपीठावर सांगतो. शिक्षकांनी स्वतः किती दिले हे परदेशातला माणूस दुसऱ्याच वाक्यात विचारतो, तेव्हा उत्तर हवं.

उरले १ कोटी ९० लाख. ते असे येतील: ४० लाखांचा एक, २० लाखांचे दोन, साडेसात लाखांचे सहा, २ लाखांचे पंधरा, १ लाखाचे वीस, २५ हजारांचे साठ. बेरीज करून बघा. एकशे चार माणसं, पण पहिल्या नऊ जणांकडून १ कोटी २५ लाख येतात. म्हणून वेळही त्या नऊ जणांवरच घालवायचा, आणि एका होकारामागे तीन-चार नावं शोधून ठेवायची. जाहीर आवाहन सगळ्यात शेवटी करायचं, अर्धी रक्कम हातात आल्यावर. आम्ही उलट केलं. मेळाव्यात आवाहन, ग्रुपवर आवाहन, पत्रक. अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले. पैसे आले सव्वा लाख.

इमारत टप्प्यांत अशी तोडा की पहिला टप्पा वापरता येईल. तळमजला, त्याचे संडास, वीज, दरवाजे-खिडक्या पूर्ण, मगच वरचा मजला. एसटीतून जाताना कितीतरी संस्थांचे सांगाडे दिसतात, कॉलमच्या डोक्यावर गंजलेल्या सळ्या. त्या सळ्या परदेशातून आलेला देणगीदारही गाडीच्या खिडकीतून बघतो.

माणसं शोधणं

कॉलेजचं जनरल रजिस्टर काढा. आमचं रेकॉर्ड रूममध्ये तिसऱ्या कपाटाच्या वर होतं, कसर लागलेलं, पण १९७२पासूनचं. दोन विद्यार्थ्यांना बसवून नावं, गाव, बॅच संगणकात घेतली. पुढचा शोध आमच्या निवृत्त शिपायाने लावला. त्याला ओट्यावर बसवून नावं वाचत गेलो, आणि तो सांगत गेला: हा कॅनडात, ह्याची बहीण इथे हायस्कूलला, हा वारला, ह्याला बोलावू नका, फी माफी नाकारली होती त्याला. लिंक्डइनने यातलं शेवटचं वाक्य सांगितलं नसतं. त्या माणसाला आम्ही आधी माफीचं पत्र लिहिलं. देणगीचा शब्द त्यात नव्हता.

प्रत्येक बॅचला एक माणूस नेमा, परदेशातलाच. वर्गमित्राने विचारलं की टाळणं अवघड जातं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं उत्तर अमेरिकेतलं अधिवेशन दोन वर्षांनी भरतं, तिथे हजारो मराठी माणसं एका छताखाली असतात. पण तिथे स्टॉल लावून पैसे जमतील या भ्रमात राहू नका. तिथे आपली चार माणसं गाठून जेवायला एकत्र बसवणं, एवढंच काम करावं.

खरी संधी ते गावी येतात तेव्हा. कोकणात गणपती, देशावर डिसेंबर-जानेवारीतली लग्नं. आईवडिलांचं घर माहीत असतं. तारखा विचारा, घरी जा, मग कॉलेजात आणा आणि गळकी प्रयोगशाळा दाखवा. तिची रंगरंगोटी करून दाखवू नका.

फोनची वेळ: भारतात शनिवारी संध्याकाळी साडेसात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा. कॅलिफोर्नियावाल्याला रविवारी आपल्या सकाळी साडेआठला करा, तिथे शनिवारची रात्र असते, आठ. सौदी-कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची, दुबईला आता शनिवार-रविवारची.

मागायचं कसं

"डोनेशन" हा शब्द वापरू नका. महाराष्ट्रात त्याचा अर्थ प्रवेशासाठी घेतलेला पैसा असा झाला आहे, आणि त्याला १९८७च्या कायद्याने बंदी आहे. देणगी म्हणा, इमारत निधी म्हणा. देणाऱ्याचा पुतण्या यंदा प्रवेशाच्या रांगेत असेल, तर त्याच्याकडून यंदा काही घेऊ नका.

पत्र एकेकाला, नावानिशी. आमचं चाललेलं पत्र साधारण असं होतं:

"तुम्ही १९९१च्या बॅचचे. ज्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स केलीत ती तशीच आहे, पावसाळ्यात बादल्याही त्याच जागी ठेवतो. यंदा तिथे १४० विद्यार्थी आहेत, त्यांतल्या ८० मुली. नव्या प्रयोगशाळेला २० लाख लागतात. साडेसात लाख गावातून आणि आम्हा शिक्षकांकडून जमले, यादी सोबत आहे. तुमच्याकडून २ लाखांची अपेक्षा आहे, दोन वर्षांत दिलेत तरी चालेल. पैसे कसे पाठवायचे ते कळवण्याआधी एक माहिती हवी: तुमचा पासपोर्ट सध्या कुठल्या देशाचा? त्यावर खातं ठरतं. पैसे आत्ता पाठवू नका."

शेवटचं वाक्य वाचून दोघांनी तर हसून फोन केला. कॉलेजकडून पैसे पाठवू नका असं पत्र त्यांना पहिल्यांदाच आलं होतं. दोघांनीही पुढे दिले.

रकमेचा आकडा लिहायला संकोच वाटतो. लिहा. "यथाशक्ती" लिहिलंत तर समोरचा माणूस अडचणीत पडतो, मग तो उत्तरच देत नाही. आणि एक नकार आला की वर्षभर त्या विषयावर बोलू नका, दिवाळीला शुभेच्छा मात्र जाऊ द्या.

नावाची पाटी

सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाख दिले आणि महिला विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं. फर्ग्युसन कॉलेजला गव्हर्नरांचं नाव मिळालं, त्यांची देणगी होती बाराशे रुपयांच्या घरातली. म्हणजे नावाचा बाजारभाव कधीच नव्हता, म्हणूनच तुमचा दर पहिल्या देणगीआधी ठरावात लिहून ठेवा: वर्गखोलीला किती, ग्रंथालयाला किती, पाटीचा आकार काय, अक्षरं किती, इमारत पाडली तर नाव पुढे नेणार की नाही. इमारतीचं मुख्य नाव निम्म्या खर्चाखाली देऊ नका. पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय पाटी लावू नका. वचन देऊन अर्ध्यावर थांबलेल्या माणसाची पाटी उतरवायची वेळ येऊ नये. एका संस्थेत ती आली, आणि पाटी रात्री उतरवली गेली.

हिशेब आणि पहिला पावसाळा

इमारत निधीचं खातं वेगळं, परकीय निधीचं त्याहून वेगळं, दोघांची कॅशबुकं वेगळी. इमारतीसाठीची देणगी कॉर्पस, म्हणजे संस्थेचा मूळ निधी, म्हणून घ्यायची असेल तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र लागतं, नंतर मागच्या तारखेने लिहून घेऊ नका. परकीय निधीचं वार्षिक विवरण, एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. वर्षात एक पैसा आला नसला तरी भरायचं.

ठेकेदाराची बिलं इंजिनियरच्या मोजमापाशिवाय देऊ नका, आणि प्रत्येक चालू बिलाची प्रत देणगीदारांना पाठवा. किती जण उघडतात माहीत नाही, पण पाठवत राहिलो म्हणून दुसरा हप्ता न मागता आला. फोटो स्लॅबच्या दिवसाचे पाठवा, पूजेचे नकोत. स्लॅबच्या आदल्या रात्री पाऊस आला, ताडपत्र्या कमी पडल्या, मुलांनी हॉस्टेलच्या सतरंज्या आणल्या, हे मी जसंच्या तसं लिहिलं. त्या ईमेलला जेवढी उत्तरं आली तेवढी उद्घाटनाच्या निमंत्रणाला आली नाहीत. चुकलेलंही लिहा. फरशीचा रंग ठरलेला मिळाला नाही, खर्च चार लाखांनी वाढला, का वाढला.

आमच्या डॉक्टरांचे पाच लाख चौदा महिन्यांनी आले, तिकडच्या संस्थेमार्फत, दिल्लीच्या खात्यातून, सगळ्या कागदांसह. कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलीनेही दिले आणि तिच्या कंपनीने तितकेच घातले, म्हणून ते नऊ झाले. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, वर्ग भरले.

पहिल्या पावसाळ्यात ग्रंथालयाची पश्चिमेची भिंत पाझरली. मी फोटोसकट सगळ्यांना कळवलं: ठेकेदाराची अनामत अजून आपल्याकडे आहे, दुरुस्ती त्यातून होईल, तोवर कपाटं दोन फूट आत सरकवली आहेत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मेसेज होता. "पश्चिमेकडे पावसाळी पत्रा लावा. वडिलांच्या दुकानाला तेच करावं लागलं होतं. किती लागतील? पासपोर्ट तोच आहे."